घाडींचे तीन शुक्रवार

विकेटकीपर म्हटला की तो ओरडणारच. बॉल बॅटच्या जवळपासून गेला तरी दोन्ही हात वर करून अंपायरच्या अंगावर धावून जाणं हे त्याचं कामच समजलं जातं. घाडी ओरडत नसत. कॅच खरोखर झाला असेल तर ते ग्लोव्हजमधला बॉल अंपायरला दाखवत आणि साध्या आवाजात म्हणत, "आउट है." सरकारी कचेरीतला शिपाई 'साहेब जेवायला गेलेत' म्हणतो ना, तितक्याच निर्विकारपणे. आणि आउट नसेल तर बॉल गुपचूप परत टाकत. शारजाच्या वेशीवर आमच्या शुक्रवारच्या मॅचेस व्हायच्या. तिथले अंपायर पाकिस्तानी असोत, श्रीलंकन असोत, घाडी म्हणाले म्हणजे बोट वर. दुसऱ्या टीमचे लोकसुद्धा कुरकुरत नसत.

अरविंद घाडी आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. ऑफिसांची पार्टिशनं, फॉल्स सीलिंग असली कामं आमची कंपनी करायची. दुबईच्या अल क्वोज भागात आमचं गोदाम होतं, त्याच्या मागच्याच गल्लीतल्या कॅम्पमध्ये घाडी पाचजणांबरोबर एका खोलीत राहत. मी त्या कंपनीत एचआरला होतो आणि क्रिकेट टीमचा कॅप्टनही. यातला पहिला हुद्दा मला डिग्रीमुळे मिळाला होता आणि दुसरा पहिल्यामुळे. घाडी माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. टीममधली पोरं त्यांना काका म्हणत. मी मात्र त्यांना नुसतं 'घाडी' म्हणायचो आणि ते मला 'साहेब'. हे लिहायला बसेपर्यंत त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

आमची लीग कंपन्यांची होती. तिला हौशी म्हणणं म्हणजे धूळफेक होती. आमच्याकडे एक 'ड्रायव्हर' होता ज्याला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते माहीत नव्हतं, पण आउटस्विंग छान टाकता यायचा. त्याचं नाव इम्तियाज. तो सियालकोटचा. सगळ्याच कंपन्या असे 'ड्रायव्हर' आणि 'फोरमन' भरती करत. म्हणून लीगचा एक कडक नियम होता: ज्याच्या पासपोर्टवर त्या कंपनीचा व्हिसा आहे त्यानेच खेळायचं. टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टन एकमेकांना फाइल देत. तीत अकरा जणांच्या व्हिसाच्या पानांच्या झेरॉक्स. लोक खेळपट्टी बघतात, आम्ही आधी एकमेकांचे व्हिसा बघत असू. त्या फायलीत हुशार होतो मी. बॅटिंगचं विचारू नका.

घाडींना मात्र क्रिकेटसाठी घेतलेलं नव्हतं. ते खरेखुरे स्टोअरकीपर होते. त्यांच्या गोदामात प्रत्येक रॅकवर चार-चार लिप्यांत चिठ्ठ्या असत. हिंदी, उर्दू, मल्याळम, बंगाली. जो कामगार स्क्रू न्यायला येई त्यालाच ते विचारून घेत की तुमच्याकडे याला काय म्हणतात, आणि त्याच्याकडूनच लिहून घेत. नवीन ड्रिल बिट हवा असेल तर जुना तुटलेला आणून दाखवावा लागे. "आधी मेलेला दाखव," म्हणत. एकदा मीच माझ्या टेबलासाठी नवा स्टेपलर मागितला तेव्हा मलाही हेच म्हणाले. मी हसलो, पण जुना नेऊन दाखवावा लागलाच.

आमच्या मैदानांवर गवत नसे. वाळू, मध्ये सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर ताणून खिळ्यांनी ठोकलेली मॅट. मॅट ढिली राहिली तर बॉल घरंगळतो, फार ताणली तर तोंडावर येतो. टॉस साडेसातला असला तरी घाडी सहालाच मैदानावर हजर असत, कारण जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच संपवावी लागे आणि मॅट दुसऱ्या कुणी ठोकलेली त्यांना चालत नसे. आधी सिमेंट झाडायचे. मग मॅट अंथरून, बूट काढून अनवाणी तिच्यावरून चालायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळे मिटून. पायाला खडा लागला की मॅट पुन्हा उचलायची. मी एकदा म्हटलं, "घाडी, एवढ्याशा खड्याने काय होणार आहे?"

"साहेब, त्या खड्यावर बॉल पडला तर कुणाचं तरी तोंड फुटेल," ते म्हणाले. "आपल्याच टीमचं फुटेल असं काही नाय."

दुसऱ्यांचं तोंड फुटू नये म्हणून कुणी इतकी खटपट करतं हे माझ्या डोक्यात शिरत नसे. त्याच कारणाने आमचं एकदा वाजलंही. एका मॅचमध्ये इम्तियाजच्या बॉलवर कड लागली, घाडींनी पुढे झेपावून जमिनीलगत बॉल घेतला. आमची पोरं नाचायला लागली, अंपायरने बोट वर केलं, बॅट्समन निघालाही. घाडींनी त्याला हाक मारून परत बोलावलं. "मॅट को लगा था," म्हणाले. तो बॅट्समन पुढे शेवटपर्यंत टिकला आणि आम्ही हरलो. परतीच्या गाडीत मी तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही कुणाच्या टीममध्ये आहात, अंपायर काय गवत उपटायला ठेवलाय का, वगैरे. घाडी मागच्या सीटवर बसून ग्लोव्हज पुसत होते.

"अंपायरला दिसलं नाय," ते म्हणाले. "माझ्या हाताला कळलं ना पण."

मी रेडिओ लावला.

घाडींची बायको आणि मुलगी कुडाळला. नोकरीला लागून चौदा वर्षं झाली होती आणि दर दोन वर्षांनी एक महिना सुट्टी. म्हणजे मुलगी बारा वर्षांची झाली तरी बापाबरोबर ती सहा-सात महिने राहिली असेल. आखातात कुटुंब आणायचं तर 'फॅमिली स्टेटस' लागतं. पगार अमुक, हुद्दा तमुक, तरच बायको-मुलांना व्हिसा. स्टोअरकीपरला ते मिळत नाही. मला होतं. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या एका बेडरूमच्या घरात मी, बायको आणि मुलगी असे तिघे राहत होतो आणि जागा लहान म्हणून रोज कटकट करत होतो. घाडी वर्षातून एकदा, गणपतीला आमच्याकडे यायचे. गावाहून आलेलं कोकम आणायचे, बायकोने 'साहेबांसाठी' म्हणून वेगळं बांधून दिलेलं. आरती झाली की माझ्या मुलीजवळ बसायचे.

"शाळेत मराठी बोलतेस काय गो?"

"Not really, uncle. But I understand everything."

"इथे येऊन पोरी मराठी विसरतात काय, वहिनी?" ते माझ्या बायकोला विचारायचे. अगदी गंभीरपणे, जणू पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी येणारच होती. बायको म्हणायची, "घरात बोललं की राहतं हो." घाडी मान डोलवायचे. "घरात बोलायचंच. नियमच करायचा."

२००८ ची दिवाळी झाली आणि दुबईला गळती लागली. आमच्या हातातली कामं एकामागून एक थांबली. अर्धं सीलिंग लावलेल्या ऑफिसांतून आमच्या माणसांनी शिड्या उचलून आणल्या. मी याद्या करायला लागलो. कुणाला ठेवायचं, कुणाचा व्हिसा कॅन्सल करायचा. शुक्रवारच्या फायलीसुद्धा पातळ झाल्या. लीगमधल्या दोन टीम जानेवारीतच गळाल्या, कारण अकरा व्हिसे जमेनात. आमची टीम टिकली ती आमच्या जीएममुळे. तो सिरियन. क्रिकेटमधलं त्याला ओ की ठो कळत नसे, कप मात्र कळत असे. रिसेप्शनमध्ये ठेवायला त्याला एक हवा होता. माझ्या यादीतली खेळाडूंची नावं त्याने पेनाने बाजूला काढली आणि म्हणाला, "हबीबी, आफ्टर फायनल. फायनल फिनिश, दे फिनिश. खलास." त्या नावांत घाडींचंही नाव होतं. म्हणजे सीझन संपला की त्यांची नोकरी जाणार हे मला फेब्रुवारीतच माहीत होतं. त्यांना नव्हतं.

त्याच सुमारास घाडी माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लोटून घेतलं. असं ते कधी करत नसत.

"साहेब, एक सांगायचं होतं. अबू धाबीत एका कंपनीत इंटरव्ह्यू दिलाय. स्टोअर इन्चार्ज. तिकडे अजून कामं चालू आहेत." मग आवाज खाली आला. "फॅमिली स्टेटस देतायत."

मी उठून हात मिळवला. मनापासून मिळवला, एवढं म्हणायचा हक्क मला असावा.

"त्यांचा फॅक्स येईल तुमच्याकडे, एनओसीसाठी. आपण दिली की ते लगेच जॉईन करून घेणार. आला की सांगाल ना?"

"हे काय विचारणं झालं, घाडी?"

फॅक्स पुढच्याच रविवारी, म्हणजे आमच्याकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी आला. दोन आठवड्यांत ना हरकत पत्र द्यावं, उमेदवाराला तातडीने रुजू करून घ्यायचं आहे. मी तो दोनदा वाचला. त्या शुक्रवारी आमची क्वार्टर फायनल होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सेमी, त्याच्या पुढच्या शुक्रवारी फायनल. घाडी गेले की त्यांच्या जागी आमचा ड्राफ्ट्समन कीपिंग करणार होता, जो बॉल आला की डोळे मिटून घ्यायचा. बारा वर्षांत आम्ही कधी क्वार्टर फायनलच्या पुढे गेलो नव्हतो.

कप आणला तर जीएम माझ्या खुर्चीला हात लावणार नाही असंही मला वाटत होतं. आणखीही एक गोष्ट होती. ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझी खुर्ची हलत असताना माझा स्टोअरकीपर फॅमिली स्टेटस घेऊन अबू धाबीला चाललाय, हे मला कुठेतरी बोचलं. मी फॅक्स ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही. एका शुक्रवाराचा तर प्रश्न आहे, असं म्हटलं आणि ड्रॉवरला चावी लावली.

क्वार्टर फायनल जिंकलो. सोमवारी घाडींनी विचारलं, "आला काय, साहेब?"

"नाही अजून."

"तिकडे फोन करून बघू काय?"

"नको. सारखा फोन केला की गरजू समजतात. एचआरवाल्यांना मी ओळखतो." एवढं शहाजोगपणे बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्यांनी ऐकलं. मी शिकलेला, मी साहेब, मला त्यातलं कळणार.

सेमी फायनलला घाडींनी जे केलं ते मी आजवर पुन्हा पाहिलं नाही. समोरच्या टीमचा एक बॅट्समन क्रीजच्या पुढे येऊन इम्तियाजला मारत होता. घाडी चालत येऊन स्टंपला चिकटून उभे राहिले. इम्तियाजच्या वेगाला कुणी स्टंपजवळ उभं राहत नाही. इम्तियाजच ओरडला, "काका, मर जाओगे!" घाडी म्हणाले, "तू डाल." तिसऱ्या बॉलवर स्टंपिंग झालं. आम्ही त्यांच्या अंगावर उड्या मारल्या तेव्हा ते म्हणाले, "हाताला लावू नका." आधीच्याच बॉलने उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं होतं. तसंच मोडलेलं बोट घेऊन त्यांनी पुढच्या आठ ओव्हर्स कीपिंग केलं.

हॉस्पिटलमधून परतताना माझ्या शेजारी बसले होते. बोटाला पट्टी. हसत म्हणाले, "साहेब, फायनल बघायला पोरगी इथे हवी होती. पुढच्या वर्षी येईल म्हणा."

तेव्हा सांगता आलं असतं. दोन आठवड्यांची मुदत संपायला दोन दिवस होते. मी म्हटलं, "फायनलला खेळाल ना?"

"डावा हात आहे की," ते म्हणाले.

फायनलच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे सहाला मैदानावर होते. एका हाताने मॅट ताणत होते, खिळे इम्तियाजकडून ठोकून घेत होते, आणि मग अनवाणी चालले. साडेसातला समोरच्या टीमचा कॅप्टन आला. त्याच्याबरोबर सहाच माणसं. त्याच्या हातात फाइल नव्हती. त्यांच्या कंपनीला मंगळवारी कुलूप लागलं होतं. चार जणांचे व्हिसे कॅन्सल झाले होते, दोघं तर आदल्या रात्रीच्या विमानाने गेलेही होते. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "कप तुम लोग ले जाओ, भाई."

एकही बॉल न टाकता आम्ही चॅम्पियन झालो. कप घेतानाचा फोटो आहे. त्यात मी हसतो आहे.

पोरं बॅगा आवरायला लागली तेव्हा घाडी त्या कॅप्टनकडे गेले. "मॅट डाली है, तो खेलते हैं ना." मग दोन्ही टीम मिसळून मॅच झाली, आणि घाडी त्या कॅप्टनच्या बाजूने, एका हाताने कीपिंग करत उभे राहिले. मी डोकं दुखतंय म्हणून गाडीत जाऊन बसलो. एसी चालू करून. ज्या मॅचसाठी मी तो कागद अडवून ठेवला होता, ती झालीच नाही. झाली असती तरी माझं करणं तेच राहिलं असतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

रविवारी मी त्यांना फॅक्स आणि एनओसी दोन्ही एकदम दिले. एवढी घाई केली की फॅक्सकडे पाहिलंही नाही. सोमवारी सुट्टी टाकून ते पहाटेच्या बसने अबू धाबीला गेले. मंगळवारी दुपारी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"जागा गेली," म्हणाले. "दोन आठवडे वाट बघितली म्हणाले. मागच्या बुधवारी भरती बंद केली. आता कुणालाच घेत नाहीत."

मी म्हटलं, "अरेरे."

"फॅक्स कधी आला होता, साहेब?"

"शनिवारी आला असेल. मी तर लगेच तुम्हाला दिला."

त्यांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. फॅक्स मशीन प्रत्येक पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात तारीख आणि वेळ छापतं. ती तिथे होती. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार, सकाळी नऊ वाजून काही मिनिटं. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत होतो.

"घाडी, माझं ऐका. टीमसाठी... मी तुम्हाला विचारणारच होतो."

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं," घाडी म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "ते तुम्हाला माहीत होतं. म्हणून विचारलं नाय."

माफी मागावी असं वाटलं, पण मागितली नाही. त्याऐवजी मी काय केलं? कॅन्सलेशनचा फॉर्म त्यांच्याकडे सरकवला, कारण फायनल संपली होती आणि जीएमच्या यादीप्रमाणे तो दिवस आलाच होता. लोक मला विचारतात, एचआरमध्ये इतकी वर्षं काढलीत, सगळ्यात कठीण काय असतं? मी काहीतरी ठोकून देतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला काही कठीण गेलं नाही. फॉर्म खूप सहज सरकला.

उजव्या हाताला पट्टी होती म्हणून त्यांनी डाव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी झाली. "चालेल ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं चालेल. गोदामाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून ते बाहेर पडले.

मी पाच मिनिटं बसलो. मग उठलो. त्यांना गाठायचं, जीएमकडे न्यायचं, अबू धाबीला स्वतः फोन करायचा, निदान माफी तरी मागायची, असं काय काय मनात होतं. केबिनच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. तीतून दिसलं, घाडी लिफ्टसमोर माझ्याकडे पाठ करून उभे होते. मोबाइल कानाला. कुडाळला बोलत होते, पातळ दारातून ऐकू येत होतं.

"नाय गो," ते बायकोला सांगत होते. "तेंनीच जागा बंद केल्यानी. मंदी आसा मा, सगळीकडे तसाच चाललाहा." थोडा वेळ ऐकत राहिले. "शाळेचा काय ता मगे बघूया. तिका आता काय सांगा नको."

पलीकडून तिने काहीतरी विचारलं असावं. माझ्याबद्दलच विचारलं असावं.

"साहेबांनी?" घाडी म्हणाले. पट्टी बांधलेला हात त्यांनी भिंतीला टेकवला. "साहेबांनी खूप खटपट केल्यानी."

माझा हात दाराच्या मुठीवर होता. मी ती फिरवली नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत आतच उभा राहिलो, आणि लिफ्ट खाली गेल्याचं ऐकल्यावर बाहेर आलो.